जिनिव्हात दिलेला शब्द आणि वाटूरचा उकिरडा

प्लास्टिकच्या प्रदूषणाला आळा घालणारा जागतिक करार करण्यासाठी १८० हून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे दहा दिवस बसले आणि १५ ऑगस्ट रोजी, इकडे भारतात ध्वजवंदन चालू असताना, काहीही न ठरवता उठले. २ मार्च २०२२ रोजी नैरोबीतील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने असा करार २०२४ अखेर सिद्ध करण्याचा ठराव मोठ्या समारंभाने संमत केला होता. त्यानंतर उरुग्वे झाले, पॅरिस झाले, पुन्हा नैरोबी झाले, कॅनडातील ओटावा आणि कोरियातील बुसान झाले. मुदत उलटली, जिनिव्हाही झाले. इतक्या प्रदक्षिणा घालूनही देव का पावला नाही, याचे उत्तर आपल्याकडील वृत्तपत्रांनी एका वाक्यात देऊन टाकले: तेलउत्पादक राष्ट्रांनी खोडा घातला, आणि भारत त्यांच्या बाजूने उभा राहिला. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे शोधण्यासाठी जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात, वाटूरच्या फाट्यावर यावे लागते.

वाद होता तो उत्पादनाचा. नॉर्वे आणि रवांडा यांच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या राष्ट्रांचे म्हणणे असे की, प्लास्टिक कचरा झाल्यावर त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. मूळ प्लास्टिक किती बनवायचे यावरच जगाने मर्यादा घालावी. बुसान येथे शंभराहून अधिक राष्ट्रांनी या आशयाच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. सौदी अरेबिया, रशिया, इराण आदी राष्ट्रांना तेल विकायचे आहे. त्यांनी विरोध करणे ओघानेच आले. ट्रम्प यांच्या अमेरिकेनेही २०२५ मध्ये उत्पादनमर्यादेच्या विरोधातच सूर लावला. भारताने बुसानमध्ये आणि जिनिव्हामध्ये स्पष्ट सांगितले की, प्राथमिक प्लास्टिकच्या उत्पादनावर नियंत्रण आणणारी कलमे आम्हांला मान्य नाहीत, त्यांचा विकसनशील राष्ट्रांच्या विकासाच्या अधिकाराशी थेट संबंध आहे. करार प्रदूषणापुरता असावा, निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारासोबत जसा स्वतंत्र निधी उभा राहिला तसा येथेही उभा राहावा, ही भारताची मागणी होती.

या भूमिकेत गैर काय, असा प्रश्न कोणाही देशाभिमानी नागरिकाच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. श्रीमंत राष्ट्रांची संघटना असलेल्या ओईसीडीच्याच आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक वापरले गेले आणि सुमारे ३५ कोटी टन प्लास्टिकचा कचरा झाला. त्यातला पुनर्वापरात आला तो जेमतेम ९ टक्के. त्या वर्षी एका अमेरिकन माणसामागे २२१ किलो प्लास्टिक कचरा झाला, युरोपातील सदस्य राष्ट्रांत माणशी ११४ किलो. भारताच्या सरकारी अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला; लोकसंख्येने भागले तर माणशी तीन किलोच्या आसपास. भरल्या ताटावर बसलेल्याने अर्धपोटी माणसाला मिताहाराचे व्याख्यान द्यावे, तसाच हा प्रकार.

शिवाय या यजमानांनी आपले खरकटे कोठे टाकले हेही विसरता येत नाही. कित्येक वर्षे युरोप-अमेरिकेतील ‘पुनर्वापरासाठी’ गोळा केलेले प्लास्टिक जहाजांत भरून चीनकडे रवाना होत असे. १ जानेवारी २०१८ पासून चीनने दार लावले. मग तीच जहाजे मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडच्या बंदरांकडे वळली. भारताने मार्च २०१९ मध्ये नियम दुरुस्त करून विशेष आर्थिक क्षेत्रांची पळवाटही बुजवली आणि घन प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली. त्याच वर्षी बाझल करारात दुरुस्ती झाली आणि २०२१ पासून असा कचरा पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची संमती आवश्यक ठरली. स्वतःचा कचरा दुसऱ्याच्या अंगणात लोटून ‘आमचे रस्ते पाहा’ म्हणणाऱ्यांकडून पर्यावरणाचे धडे घेण्याची भारताला गरज नाही, हे मान्य.

पण केवळ प्रत्युत्तर म्हणजे भूमिका नव्हे. उत्पादनमर्यादेला विरोध करण्याचे भारताचे खरे कारण दिल्लीत नव्हे, मराठवाड्याच्या शेतात दिसते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्या वाचल्या त्यांतील कित्येक ठिबकच्या नळीने वाचल्या, आणि ती नळी प्लास्टिकची आहे. याच जिल्ह्यातील कडवंची गावाने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे काम केले, शेकडो शेततळी खोदली आणि अवर्षणाच्या पट्ट्यात द्राक्षबागा उभ्या केल्या. त्या शेततळ्यांच्या तळाशी प्लास्टिकचे जाड अस्तर आहे. ते नसते, तर पाणी मुरून गेले असते. विहिरीवरची मोटार, तिथून निघालेला पाइप, छतावरची टाकी, फवारणीचा पंप, टँकर आला की रांगेत लावायच्या घागरी, सारे प्लास्टिकचे. पितळेची घागर मोडीत निघाली ती केवळ हौसेपोटी नव्हे. डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईच्या मानेला प्लास्टिकची घागर हलकी लागते. हे सत्य शहरातील पर्यावरणवाद्यांच्या ध्यानी येत नाही. जिनिव्हातून उत्पादनाचा कोटा ठरला, तर तुटवड्याचा आणि भाववाढीचा पहिला फटका शीतपेयाच्या बाटलीला बसेल की ठिबकच्या नळीला, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

(भारताच्या विरोधामागे केवळ शेतकऱ्याचा कळवळा आहे, असेही भाबडेपणाने मानू नये. तेलशुद्धीकरणाच्या जोडीने पेट्रोरसायनांचे प्रचंड प्रकल्प देशात उभे राहत आहेत आणि त्यांचेही हितसंबंध त्या मेजावर बसलेले असतात. परंतु हितसंबंध आहेत म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही.)

तेव्हा भारताचे म्हणणे थोडक्यात असे झाले: प्लास्टिक हा शत्रू नाही, बेवारस कचरा हा शत्रू आहे, बनवण्यावर बंदी नको, झालेला कचरा सांभाळा. हा युक्तिवाद सशक्त आहे. मात्र तो करताना भारताने जगाला एक शब्द दिला आहे, की आम्ही आमचा कचरा सांभाळू. या शब्दाला जामीन कोण? पर्यावरण मंत्रालय नव्हे. जामीन आहेत वाटूरसारखी हजारो गावे, आणि त्यांना याची वार्ताही नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे, कायद्याची स्थिती आहे. प्लास्टिक कचऱ्याचे २०११ चे नियम नगरपालिकांपुरते होते. २०१६ च्या नियमांनी प्रथमच ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली. जबाबदारी आली, घंटागाडी, ती चालवायला माणूस आणि कचरा न्यायला जागा ही तिच्या मागोमाग येतीलच असे नव्हते. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. तरतूद चांगली आहे. पण गावातून तालुक्याच्या केंद्रापर्यंत तो कचरा नेणार कोण आणि डिझेलचे पैसे देणार कोण, या प्रश्नापाशी बहुतेक चांगल्या योजना जिरतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारत हा जगातील सर्वांत मोठा प्लास्टिक प्रदूषक ठरला: वर्षाला सुमारे ९३ लाख टन, आणि त्यांपैकी ५८ लाख टन उघड्यावर जाळले जाणारे. आपल्याकडे नेहमीप्रमाणे दोन प्रतिक्रिया उमटल्या. एका गटाला देशाची बदनामी झाल्याचा आनंद लपवता आला नाही, दुसऱ्याने हा गोऱ्यांचा कट असल्याचे जाहीर केले. अहवालात काय आहे, हे पाहण्याची तसदी दोघांनीही घेतली नाही. सरकारी हिशेबात संपूर्ण देशाचा कचरा ४१ लाख टन. आणि या अभ्यासात केवळ बाहेर सांडलेला व जाळलेला ९३ लाख टन. ही तफावत कोठून आली? संशोधकांचे उत्तर असे की, भारताच्या अधिकृत आकड्यांत ग्रामीण भाग, उघड्यावर जाळला जाणारा न उचललेला कचरा आणि भंगारवाल्यांच्या हातून जाणारा माल धरलेला नाही. त्यांचे अंदाज मोठे असतील, प्रारूपांवर आधारलेले असतील. त्यावर वाद घालता येईल. पण खेड्यातला कचरा मोजलाच जात नाही, हे त्यांचे विधान नाकारता येण्यासारखे आहे काय? माणशी तीन किलोचा जो आकडा अमेरिकेच्या तोंडावर फेकायचा, त्यात वाटूर नाही. मोजमाप नसलेल्या गोष्टीचा अभिमान हा आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर फार काळ टिकत नाही.

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा वाटूर फाटा मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यासारखा आहे: एस.टी. थांबते, ट्रक थांबतात, चहाची दुकाने, फळांचे गाडे. अशा ठिकाणी प्लास्टिकचे आयुष्य किती असते? पातळ पिशवीत गरम चहा ओतून, तोंडाला गाठ मारून, सोबत चार कागदी पेले देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. चहा शेजारच्या दुकानात पोहोचेपर्यंत पाच मिनिटे. मग पिशवी वाऱ्यावर. जे कागदी म्हणून घेतले त्या पेल्यांनाही आतून प्लास्टिकचा लेप असतोच. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये असे लेपाचे पेले व थाळ्या बंदीच्या यादीत घातल्या, हे किती चहावाल्यांना ठाऊक असेल? त्याच जागी गुटख्याच्या पुड्या पडलेल्या दिसतात. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि तंबाखू-पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरण्यास २०१६ च्या नियमांनी मनाई आहे. म्हणजे बोटभर पुडीत दोन कायद्यांचा भंग.

शेततळ्याचे अस्तर वर्षानुवर्षे पाणी धरते. ही पिशवी पाच मिनिटे चहा धरते. दोन्हींना ‘प्लास्टिक’ या एकाच नावाने ओळखून एकाच तराजूत तोलण्याची चूक जिनिव्हात युरोपीय करतात. आणि पहिल्याच्या उपयुक्ततेआड दुसऱ्याचा आळस लपवण्याची चूक आपण करतो. भंगाराच्या धंद्याला हा भेद नीट कळतो. तुटकी बादली, घागर, ठिबकची जुनी नळी, पाण्याची बाटली भंगारवाला वजनावर घेतो, पैसे देतो. जळगावच्या चटईच्या कारखान्यांत असे जुने प्लास्टिक पुन्हा कामी येते. पातळ पिशवी तो घेत नाही. एक किलो भरण्यासाठी शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात, त्या मातीने-तेलाने बरबटलेल्या असतात, आणि वेफर-शांपूच्या पुड्यांत तर तीन-चार थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणे परवडतच नाही. ज्याला भंगाराचा भाव नाही ते उकिरड्यावर जाते, आणि सकाळी चूल पेटवताना किंवा शेकोटीत जळते. प्लास्टिक चिमणीखाली बसलेल्या बाईच्या छातीत जाते. उघड्यावर जाळलेल्या ५८ लाख टनांचा गावातला अर्थ हा आहे.

महाराष्ट्रात कायद्यांची कमतरता कधीच नव्हती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी आणि गटारे तुंबली, तुंबलेल्या गटारांत प्लास्टिक सापडले, आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर नियम आले. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने सर्वच हातपिशव्या आणि थर्माकोलवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार दंड आणि तीन महिने कैद. काही महिने धाडी पडल्या, छायाचित्रे छापून आली. दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ५० पैसे मिळण्याची योजनाही त्याच निर्णयात होती. ती नीट राबवली असती, तर जर्मनीत २००३ पासून बाटल्यांवरील अनामतीने जे साधले ते येथे साधता आले असते. पण ती कागदावरच राहिली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद केल्या, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून हातपिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरली. उत्पादकांनी आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, असाही नियम २०२२ मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला पुनर्वापराची लाखो बनावट प्रमाणपत्रे सापडली. कायदा आल्यावर आधी त्याची पळवाट शोधणारी बुद्धी आपल्याकडे कमी नाही.

या पळवाटांपैकी सर्वांत फसवी म्हणजे बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी रंगीत, हलकी, छिद्राछिद्रांची पिशवी. कित्येक घरांत ती पर्यावरणनिष्ठेची खूण म्हणून खुंटीला टांगलेली असते. ती कापडाची नसते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, न विणता दाबून केलेली. केंद्राच्या नियमांत तिच्याही जाडीचे माप, ६० जीएसएम, दिलेले आहे. लग्नात, वास्तुशांतीला, निवडणुकीत, आणि सांगायला संकोच वाटतो पण आपल्या स्वतःच्या संस्थांच्या कार्यक्रमांतही याच पिशव्या वाटल्या जातात.

आणि हे घडते कोठे? कापसाच्या मुलखात. जालना, परभणी, बीड हा पट्टा पांढऱ्या सोन्याचा. वाटूरच्या शिवारातून बाहेर गेलेला कापूस गिरणीत जातो आणि गावात परत येते ती प्लास्टिकची ‘कापडी’ पिशवी. इतकेच नव्हे, कापूस वेचून भरायला खताची रिकामी पोती वापरली जातात. त्या पोत्यांचे प्लास्टिकचे तंतू रुईत मिसळतात, जिनिंगमध्ये ते निघत नाहीत, आणि कापडाला रंग देताना उघडे पडतात, कारण त्यांना रंग चढत नाही. या मिसळीपायी भारतीय कापसाला परदेशी खरेदीदार कमी भाव देतात. ज्या शेतकऱ्याच्या घरी कापूस आहे त्याच्या कापसाची किंमत प्लास्टिकच्या पोत्याने पाडावी, आणि त्याच्या कापसाच्या पिशवीची बाजारपेठ प्लास्टिकच्या नकली कापडाने खावी! स्वदेशीवर व्याख्याने देणाऱ्यांनी या एका उदाहरणावर विचार केला तरी पुष्कळ काम होईल. धान्य तागाच्या गोणीतच भरण्याची सक्ती १९८७ च्या कायद्यान्वये आहे, ती बंगालच्या ताग-उत्पादकासाठी. कापूस वेचणीसाठी सुती चादर आणि सुती गोण मिळावी, एवढीही मागणी मराठवाड्यातून जोरात होत नाही.

महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून गौरवले. ही राज्यमाता फाट्यावरच्या उकिरड्यात तोंड घालते. खरकटे भरून गाठ मारलेली पिशवी तिला सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक रवंथ होत नाही, शेणावाटे पडत नाही. पोटात गोळा साचत जातो, भूक मरते, आणि पोट फुगलेली दिसणारी गाय उपाशी मरते. २०१२ मध्ये हा विषय जनहित याचिकेद्वारे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गोरक्षणासाठी रात्री रस्त्यावर उभे राहणारे तरुण आपल्यात आहेत, त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण गाठ मारलेल्या पिशवीने मरणाऱ्या गायीसाठी कोणताही ट्रक अडवावा लागत नाही. आपल्याच घरातून निघणारी पिशवी अडवावी लागते, आणि तेच अधिक अवघड दिसते.

‘आमच्या संस्कृतीत पत्रावळ होती, द्रोण होते’ हे वाक्य अशा प्रसंगी हमखास उच्चारले जाते. होते, हे खरे. पळसाची पत्रावळ लावणारे हात गेले, कारण आपणच थर्माकोलच्या थाळ्या आणल्या. भंडाऱ्यात, सप्ताहात, जयंतीच्या महाप्रसादात आणल्या. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात निसर्गाच्या शोषणावर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेला विरोध होता. साठ वर्षांनी त्याचे पारायण करताना समोर पाण्याच्या छोट्या बाटल्यांची रांग असते. अर्थात जे चांगले घडले तेही सांगितले पाहिजे. २०२५ च्या प्रयाग महाकुंभात संघाच्या पर्यावरण संरक्षण गतिविधीने ‘एक थाली, एक थैला’ अभियान चालवले. देशभरातील घराघरांतून ताटे आणि कापडी पिशव्या गोळा करून कुंभात पोहोचवल्या, आणि लाखो भाविक धातूच्या ताटात जेवले. कोणत्याही परकीय निधीविना, कोणत्याही कराराविना हे झाले. कुंभात जे जमते ते वाटूरच्या आठवडी बाजारात, गावच्या सप्ताहात का जमू नये? तेथे तर माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनात पर्यावरण घेतले गेले आहे. एका गावाने शंभर स्टीलची ताटे-पेले विकत घेऊन लग्नकार्यांना फिरती ठेवली, तर खर्च एखाद्या मंडपाच्या रोषणाईहून अधिक येत नाही. चहावाल्याला काचेचा पेला धुण्यापुरते पाणी फाट्यावर मिळाले पाहिजे, ही मात्र ग्रामपंचायतीची जबाबदारी. मराठवाड्यात मेच्या महिन्यात ती सोपी नाही, हेही लक्षात घ्यावे.

समाजाने करायचे ते समाज करील. शासनाचा भाग वेगळा आहे. वाटाघाटींच्या पुढील फेरीला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळाने उत्पादनमर्यादेला विरोध जरूर करावा. ठिबकची नळी आणि शेततळ्याचे अस्तर यांच्या वतीने तो केलाच पाहिजे. पण जाताना त्याच्या हाती एक यादी असावी: देशातील किती तालुक्यांत ते १६ लाखांचे केंद्र प्रत्यक्ष चालू आहे, मागील वर्षी तेथे किती टन प्लास्टिक आले, किती गावांतून आले आणि पुढे कोठे गेले. ही यादी आधी देशात, तालुकावार, प्रसिद्ध व्हावी. परतूर तालुक्याच्या नावापुढे जो आकडा असेल तो वाटूरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. तो खरा की खोटा, हे फाट्यावर उभा असलेला कोणीही सांगू शकेल.